गॅस डोक्यात चढतो का? आतड्यातले जीवाणू आणि आपला मेंदू

"डॉक्टरानू, गॅस डोक्यात चढलो हा." मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात दिवसभर बसा, हे वाक्य दोन-चार वेळा तरी कानावर पडेल. डोकं जड, पोट फुगलेलं, झोप नाही, कशात लक्ष नाही, या सगळ्याला आपल्याकडे हे एकच नाव आहे. वैद्यकीय शिक्षणात आम्ही शिकतो की पोटातून डोक्याकडे गॅस नेणारी नळी शरीरात कुठेही नाही. ते खरंच आहे. आतड्यातला बहुतेक वायू ढेकरेतून किंवा खालून बाहेर पडतो आणि थोडा रक्तात मिसळून श्वासावाटे जातो. तो कवटीत जाऊन बसत नाही.

पण आतड्यातले जीवाणू एक वायू असा तयार करतात, जो रक्तात विरघळून खरोखर मेंदूपर्यंत पोहोचतो आणि माणसाची शुद्ध हरपवू शकतो. तो म्हणजे अमोनिया. निरोगी माणसाला त्याची भीती नाही, कारण मध्ये यकृत आहे. यकृत खराब झालेल्या माणसाचं तसं नसतं, आणि घरच्यांना ते वेळेत ओळखता आलं नाही तर जीव जाऊ शकतो. आतडं आणि मेंदू यांच्या नात्याबद्दल सध्या मोबाइलवर बरंच फिरतं. दही खा, नैराश्य जाईल. अमुक पावडर घ्या, स्मरणशक्ती वाढेल. यातलं पक्कं किती, अर्धवट किती आणि नुसती जाहिरात किती, ते या लेखात वेगळं करून सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. छातीत दाब, घाम, दम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, आणि सोबत "गॅस झालाय" असं वाटत असेल तर ओवा, सोडा, इनो घेत घरी बसू नका. आधी ईसीजी काढा. गॅसच्या नावाखाली हार्ट अटॅक अंगावर काढणारे लोक कमी नाहीत.

पोटातली वस्ती

आपल्या शरीरात साधारण 38 लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. शरीरातल्या स्वतःच्या पेशींपेक्षा ते दहापट आहेत असं अजूनही बऱ्याच ठिकाणी छापून येतं. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी नीट हिशेब मांडला तेव्हा दोन्ही आकडे जवळपास सारखेच निघाले. हे जीवाणू आपल्याला न पचलेला चोथा खातात, त्यातून काही आम्लं तयार करतात, काही जीवनसत्त्वं बनवतात आणि बाहेरून आलेल्या रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत.

मेंदूशी त्यांचा संबंध मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट व्हेगस नावाच्या लांब मज्जातंतूची. तो मेंदूच्या देठापासून निघून छातीतून पोटात उतरतो. मेंदू त्यातून पोटाला हुकूम सोडतो असं आपल्याला वाटतं, पण त्यातले सुमारे 80 टक्के तंतू उलट दिशेचे, पोटाकडची खबर वर नेणारे आहेत. दुसरी वाट रोगप्रतिकारशक्तीची: आतड्याच्या अस्तराला सूज आली की तिथून सुटणारी रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात. तिसरी वाट सरळ रक्ताची. जीवाणूंनी बनवलेले पदार्थ रक्तात शोषले जातात आणि त्यातले काही मेंदूपर्यंत जातात.

शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते बरोबर आहे. पण त्यावरून "आनंद पोटात तयार होतो" असं जे म्हणतात ते बरोबर नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो आणि आतड्यातलं सेरोटोनिन तो ओलांडू शकत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो.

यकृताचा पहारा सुटला की

आता अमोनियाकडे येऊ, कारण आतड्याचा मेंदूवर परिणाम होतो हे इथे रोज डोळ्यांनी दिसतं आणि त्यावर हुकमी उपचारही आहेत.

डाळीतल्या, मासळीतल्या प्रथिनांचा न पचलेला भाग आणि शरीरातला थोडा युरिया मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले काही जीवाणू त्यातून अमोनिया तयार करतात. लहान आतड्याच्या पेशीही काही अमोनिया बनवतात, तेव्हा सगळा दोष जीवाणूंच्या माथी मारता येणार नाही. आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे न जाता आधी एका मोठ्या शिरेवाटे यकृतात जातं. यकृत त्यातला अमोनिया काढून घेतं, त्याचा युरिया बनवतं आणि तो लघवीतून निघून जातो.

सिरॉसिसमध्ये यकृत कडक आणि गाठाळ होतं. कारणं दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि आता मधुमेह व लठ्ठपणासोबत येणारं फॅटी लिव्हर. "आमच्या माणसाने कधी थेंब घेतला नाही" असं म्हणणाऱ्या घरातही सिरॉसिस सापडतो. अशा यकृतातून रक्त सहज जात नाही, ते आडवाटा शोधतं आणि यकृत चुकवून पुढे निघून जातं. न गाळलेला अमोनिया मेंदूत पोहोचतो. तिथे मज्जापेशींना आधार देणाऱ्या, चांदणीसारख्या आकाराच्या पेशी त्याचं ग्लुटामिन बनवतात, ते पाणी ओढून घेतं आणि त्या पेशी फुगतात. मेंदूचं काम मंदावतं. या आजाराला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात.

हे कोडं जुनं आहे. 1893 मध्ये रशियात पाव्हलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांचं आतड्यातलं रक्त शस्त्रक्रियेने यकृताला वळसा घालून नेलं होतं अशा कुत्र्यांचा अभ्यास केला. मांस खाल्लं की ती कुत्री विचित्र वागत, चवताळत, झोकांड्या खात आणि बेशुद्ध पडत. घंटा आणि लाळेच्या प्रयोगामुळे सगळ्यांना माहीत असलेले पाव्हलोव्ह ते हेच.

माणसात याची सुरुवात गुपचूप होते. सर्वांत आधी झोप उलटते, दिवसा डुलक्या आणि रात्री टक्क जाग. मग चिडचिड, तेच तेच विचारणं, पैशांचा हिशेब चुकणं. सही बदलते. आयुष्यभर जाळी विणलेल्या माणसाला साधी गाठ मारता येत नाही, शर्टाची बटणं वरखाली लागतात. हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगितले की पक्ष्याने पंख मारावेत तसे पंजे फडकतात. पुढे माणूस घरच्यांना ओळखत नाही, नको तिथे लघवी करतो, आणि शेवटी हाक मारली तरी डोळे उघडत नाही.

आमच्या भागात याला बाधा म्हणतात, बाहेरचं म्हणतात, "अंगात आलंय" म्हणतात. रात्री उठून बडबडणारा, आपल्याच माणसांवर धावून जाणारा बाप पाहिल्यावर घरातल्यांना तसं वाटलं तर त्यांना हसण्यात अर्थ नाही. देवळात गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, पण एकाने ते घालावं आणि दुसऱ्याने तोवर 108 ला फोन करावा. ओरोसचं जिल्हा रुग्णालय असो की गोव्यातलं बांबोळी, दोन दिवस आधी पोहोचलेला रुग्ण आणि बेशुद्ध होऊन पोहोचलेला रुग्ण यांच्या बचावण्यात फार फरक पडतो.

दारू पिणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. रोजची दारू अचानक बंद झाल्यावर दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणं, घाम, नसलेली माणसं दिसणं असा भ्रम होऊ शकतो. रक्तातली साखर घसरली तरी माणूस असाच बरळतो. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. दारू सुटल्याच्या भ्रमावर दिलं जाणारं झोपेचं औषध अमोनियाच्या रुग्णाला आणखी खोल गुंगीत नेऊ शकतं. म्हणून रात्र शांत जावी एवढ्यासाठी घरात पडलेली झोपेची गोळी देऊ नका.

हा झटका बहुधा आपोआप येत नाही, त्याला निमित्त लागतं. सर्वांत साधं निमित्त बद्धकोष्ठता. दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही की जीवाणूंना काम करायला तेवढा जास्त वेळ मिळतो. आतड्यात रक्तस्राव झाला तरी तेच, कारण रक्त म्हणजे प्रथिनच. डांबरासारखी काळी शौच दिसली तर ती तातडीची खूण समजा. पोटातल्या पाण्यात झालेला जंतुसंसर्ग, लघवीच्या गोळ्या जास्त झाल्याने किंवा उलट्या-जुलाबाने शरीर सुकणं, ही बाकीची नेहमीची निमित्तं.

एक गोड औषध आणि त्याबद्दलचे गैरसमज

या आजाराचं मुख्य औषध लॅक्टुलोज, एक गोड, दाट सिरप. 1966 पासून ते यासाठी वापरात आहे. ही एक साखरच आहे, पण आपल्या आतड्याला ती पचवता येत नाही. ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जीवाणू ती आंबवून आम्ल बनवतात. आम्ल वाढलं की अमोनियाचं रूप बदलतं, तो रक्तात सहज शोषला जात नाही आणि शौचावाटे निघून जातो. जीवाणूंनी तयार केलेलं विष जीवाणूंकडूनच अडवून घ्यायचं, असा हा उपाय आहे. मला तो औषधशास्त्रातला फार हुशार उपाय वाटतो.

अडचण अशी की घरी गेल्यावर नेमकं हेच औषध बंद होतं. "जुलाब होतात म्हणून थांबवलं." अहो, दिवसाला दोन-तीन मऊ शौच व्हाव्यात यासाठीच ते दिलेलं असतं. एकच शौच झाली तर मात्रा कमी पडतेय, पाच-सहा पातळ होत असतील तर जास्त होतेय. दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारून मात्रा बदलायची, बाटली फडताळात ठेवून द्यायची नाही. जास्त जुलाबांनी शरीर सुकलं तरी झटका येतो, हे वर आलंच आहे.

लॅक्टुलोज घेऊनही पुन्हा पुन्हा झटके येणाऱ्यांना रिफॅक्सिमिन नावाची प्रतिजैविकाची गोळी जोडतात. ती रक्तात जवळजवळ शोषली जात नाही आणि आतड्यातच काम करते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 299 रुग्ण होते आणि त्यातले बहुतेक लॅक्टुलोजही घेत होते. सहा महिन्यांत पुन्हा झटका आलेल्यांचं प्रमाण खोट्या गोळीच्या गटात सुमारे 46 टक्के, तर रिफॅक्सिमिनच्या गटात सुमारे 22 टक्के होतं. आतड्यातले जीवाणू आवरले की मेंदू सावरतो, याचा माणसांतला इतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कुठल्या आजारात क्वचितच मिळेल.

जेवणाबद्दलचा गैरसमज आमच्या किनाऱ्यावर फार नुकसान करतो. "लिव्हर खराब आहे, मासे बंद, डाळ बंद, नुसती पेज द्या." पूर्वी डॉक्टरही प्रथिनं तोडायला सांगत. आता तसं सांगत नाहीत. अशा रुग्णाचे स्नायू आधीच झिजलेले असतात आणि अमोनियाचा काही भाग स्नायूही निकामी करतात. स्नायू आणखी झिजले तर मेंदूचा तो आधारही जातो. वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं रोज हवीत: डाळ, कुळथाची पिठी, दूध, दही, अंडं, ताजी मासळी. डाळी आणि दुधातली प्रथिनं जरा जास्त सोसतात. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्या, लांब उपास नको.

मासळीत दोन गोष्टी मात्र पाळाव्याच लागतील. पोटात पाणी झालेल्याला खारा बांगडा, सुकट, खारातली कैरी नको, कारण मीठ पाणी वाढवतं. आणि कालवं, तिसऱ्या कच्च्या किंवा अर्धवट शिजवलेल्या कधीही नकोत. समुद्राच्या पाण्यातला एक जीवाणू सिरॉसिसच्या रुग्णात एक-दोन दिवसांत जीवघेणा संसर्ग करू शकतो. त्याच कारणाने पायाला जखम असताना खाडीच्या पाण्यात उतरणंही टाळावं.

कंपवात: सुरुवात आतड्यात होते का?

इथून पुढे जमीन थोडी भुसभुशीत आहे.

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हाच त्यांनी अशा रुग्णांच्या बद्धकोष्ठतेचा उल्लेख केला होता. हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षं आधी बद्धकोष्ठता सुरू होते, हे पुढे मोठ्या अभ्यासांतही दिसलं. 2003 मध्ये हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं की मेंदूत साचणारं ते बिघडलेलं प्रथिन कदाचित आतड्यात सुरू होऊन व्हेगसच्या वाटेने वर चढत असावं. पूर्वी अल्सरसाठी व्हेगसचे मुख्य फाटे कापत असत. ती शस्त्रक्रिया झालेल्या लोकांमध्ये पुढे कंपवाताचं प्रमाण काहीसं कमी असल्याचा संकेत डेन्मार्क आणि स्वीडनच्या नोंदींतून मिळाला. 2016 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत कंपवाताकडे झुकणाऱ्या उंदरांना जीवाणूविरहित वाढवलं तेव्हा त्यांची लक्षणं सौम्य राहिली. कंपवाताच्या रुग्णांचे जीवाणू त्यांच्या आतड्यात सोडले तेव्हा ती वाढली.

उंदीर म्हणजे माणूस नाही, आणि कंपवाताच्या सगळ्याच रुग्णांत सुरुवात आतड्यात होते असंही दिसत नाही. म्हणून शौचाला त्रास होणाऱ्याने घाबरून जाऊ नये. पाणी, चोथा, चालणं आणि थायरॉइडची तपासणी इथून सुरुवात करावी. पण साठीच्या पुढे नव्याने आलेल्या बद्धकोष्ठतेसोबत तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कढीचाही वास येईनासा झाला, झोपेत हातपाय झाडत ओरडणं सुरू झालं, अक्षर बारीक झालं, चालताना एक हात हलेनासा झाला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवा. आणि कंपवातावर लेव्होडोपा चालू असेल तर ती गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, कारण जेवणातली प्रथिनं तिच्या शोषणात आड येतात. आतड्यातला एक जीवाणू तर लेव्होडोपा मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच फोडून टाकतो, असं 2019 मध्ये दाखवलं गेलं आहे. एकच मात्रा दोघांना वेगवेगळी का लागू पडते, याचं एक उत्तर कदाचित त्यात असेल.

उदासी, चिंता आणि प्रोबायोटिकची पाकिटं

2004 मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात दिसलं की जीवाणूंशिवाय वाढवलेले उंदीर ताणाला जास्तच भडकून प्रतिसाद देतात. त्यांना लहानपणीच जीवाणू दिले तर ते बऱ्यापैकी सावरतात, मोठेपणी देऊन तितका उपयोग होत नाही. 2019 मध्ये बेल्जियममधल्या हजाराहून अधिक लोकांच्या अभ्यासात नैराश्य असलेल्यांमध्ये दोन प्रकारचे जीवाणू कमी आढळले. पण नैराश्य आलेला माणूस नीट जेवत नाही, हिंडत नाही. जीवाणू कमी झाले म्हणून नैराश्य आलं, की नैराश्यामुळे जीवाणू कमी झाले? त्या अभ्यासातून हे सांगता येत नाही.

आहार बदलून काय होतं हे पाहणारी ऑस्ट्रेलियातली चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. 67 रुग्ण, 12 आठवडे. भाज्या, डाळी, धान्यं, मासे यांवर भर दिलेल्या गटात सुमारे 32 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, नुसती सोबत मिळालेल्या गटात 8 टक्के. चाचणी लहान होती, कोण कोणत्या गटात हे रुग्णांना माहीत होतं, आणि त्यातले बहुतेक रुग्ण आधीपासून औषधं किंवा समुपदेशन घेतच होते. आहार त्याला जोड होता. हा शेवटचा मुद्दा मोबाइलवरच्या फॉरवर्डमध्ये नसतो.

म्हणून दही सुरू केलं आणि नैराश्याची गोळी बंद केली, असं कृपया करू नका. झोप गेली आहे, रडू येतं, जगण्यात राम वाटत नाही, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना भेटा. 14416 या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. आत्महत्येचा विचार मनात येत असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

मेंदूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिक पाकिटांबद्दल माझं मत सरळ आहे: ते पैसे बाजारात भाजी-मासळीवर खर्च करा. प्रत्येक जीवाणूचा वाण वेगळा, एकाचा गुण दुसऱ्याला लावता येत नाही, आणि पाकीट थांबवलं की त्यातले जीवाणू बहुधा टिकतही नाहीत. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या रुग्णाने तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

या उत्साहाला एक इतिहासही आहे. मुंबईत 1897 मध्ये प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन ज्यांच्या हाताखाली शिकले, ते एली मेचनिकॉफ 1908 चे नोबेल विजेते. म्हातारपण मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या विषामुळे येतं असं त्यांचं मत होतं आणि ते आंबट दूध पिण्याचा सल्ला देत. तिथवर ठीक होतं. पण त्याच काळातल्या "शरीरात विष साचतं" या कल्पनेपायी अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरने वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात उपटले, आतडी कापली. त्यात अनेक रुग्ण दगावले.

मग खायचं काय?

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जीवाणू इतर देशांतल्या लोकांपेक्षा जास्त आढळतात. प्रिव्होटेला हा धान्य-भाजीच्या आहाराशी जोडला जाणारा जीवाणू आहे. म्हणजे परदेशातला आहाराचा तक्ता जसाच्या तसा उचलण्याचं कारण नाही.

जीवाणूंना चोथा लागतो: नाचणी, कुळीथ, चवळी, वाल, केळफूल, शेवग्याचा पाला, पावसातली टाकळ्याची भाजी. भात शिजवून थंड झाला की त्यातल्या थोड्या पिष्टाचं रूप बदलतं, ते लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या वाट्याला येतं. मात्र शिळा भात बाहेर उष्म्यात ठेवू नका, उलट्या-जुलाब होतील.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 2021 मध्ये 36 निरोगी लोकांवर झालेल्या प्रयोगात दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यात जीवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातल्या सूज दाखवणाऱ्या काही खुणा उतरल्या. मेंदूवर काय परिणाम झाला, हा त्या प्रयोगाचा विषय नव्हता. आपल्याकडे आंबवलेलं म्हटलं की आंबोळी आठवते, पण तव्यावर तिच्यातले जीवाणू मरतात. उकळलेल्या ताकाच्या कढीचंही तसंच. सोलकढी तर आंबवलेली नसतेच. ती आवडते म्हणून प्या. जिवंत जीवाणू हवे असतील तर घरचं दही आणि न तापवलेलं ताक.

आणि साध्या सर्दीला, एक-दोन जुलाबांना मेडिकलमधून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणून खाण्याची सवय सोडा. आतड्यातली वस्ती त्याने विस्कटते आणि काही वेळा ती पूर्ववत व्हायला महिने लागतात. जुलाबात आधी ओआरएस आणि पेज. शौचात रक्त, मोठा ताप, किंवा सहा तासांहून जास्त लघवी न होणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जा.